हरेल त्याने पिसायचं

आमचे सासरे बोलतात कमी आणि जाहीर जास्त करतात. "आजपासून माझ्या चहात साखर नको", "या घरात यापुढे फ्लॉवर शिजणार नाही", असली फर्मानं मी लग्न होऊन डोंबिवलीत आल्यापासून ऐकते आहे. बहुतेक फर्मानं आठवड्याभरात बारगळतात. फ्लॉवर तर ते नावं ठेवत ठेवत दोनदा वाढून घेतात. त्यामुळे परवा बुधवारी पत्ते डबीत भरता भरता ते "उद्यापासून मला धरू नका" म्हणाले, तेव्हा खरं तर मला हसू यायला हवं होतं.

आलं नाही. कारण हे त्यांनी जाहीर केलं नाही, नुसतं सांगितलं, तेही खाली बघून. वर "तुम्ही तिघं आहात, पाच-तीन-दोन खेळा," असा सल्लाही दिला. आम्ही खेळतो मेंढीकोट. त्याला चार भिडू लागतात, आणि घरात आम्ही नेमके चौघं आहोत: बाबा, म्हणजे सासरे, माझा नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी. चौथा उठला की मेंढीकोट संपला.

पण भीती मेंढीकोटाची नव्हती. दिवाळीच्या तोंडावर बाबांना अर्धांगाचा हलकासा झटका येऊन गेला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र रुसून बसला. तेव्हापासून त्यांनी एकेक गोष्ट सोडून द्यायला सुरुवात केली. आधी खाली कट्ट्यावर जाणं सुटलं. मग पेपर घडी न मोडता पडून राहायला लागला. मग दाढी दोन-दोन दिवस वाढायला लागली, आणि नीटनेटकेपणावरून आयुष्यभर लोकांना टोमणे मारलेल्या माणसाला त्याचं काही वाटेनासं झालं. दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायचं आणि समोरच्या बिल्डिंगचा जिना बघायचा. फक्त संध्याकाळी देवापाशी दिवा लागला, कुकर चढला, की कुणी हाक न मारता ते स्वतः उठून जेवणाच्या टेबलाशी येत आणि पत्त्यांच्या डबीवर टिचकी मारत. दिवसभरात ते आपण होऊन करत अशी तेवढी एकच गोष्ट उरली होती. तीही सुटली तर या माणसाने खुर्चीतून उठावं तरी कशासाठी, ही माझी धास्ती होती.

"दमले असतील," नवरा म्हणाला. माझ्या नवऱ्याकडे जगातल्या सगळ्या प्रश्नांना दोनच उत्तरं आहेत. माणसं दमलेली असतात किंवा त्यांना ॲसिडिटी झालेली असते.

आता आमच्या घरातला मेंढीकोट गेले काही महिने कसा चालला होता, तेही सांगायला हवं. खेळ सोपा आहे. समोरासमोर बसलेले दोघं भिडू, दहाचं पान म्हणजे मेंढी, ज्यांच्याकडे जास्त मेंढ्या ते जिंकले. आणि हरेल त्याने पिसायचं, हरेल त्याने वाटायचं. गोम इथेच होती. एके काळी बाबा पत्ते असे पिसत की शेजारची मुलं बघायला यायची. झटक्यानंतर पहिल्यांदा पिसायला घेतले, तेव्हा सगळी पानं जमिनीवर गेली. ती गोळा करताना त्यांचा चेहरा आम्हा कुणाला बघवला नाही. मग कुणी कुणाशी काही न बोलता एक ठरून गेलं, की बाबांनी हरायचंच नाही. बाबा आणि नात एका बाजूला, मी आणि नवरा दुसऱ्या. नवरा हातात हुकूम असताना कापायचा नाही, हातातली मेंढी बाबांच्या एक्क्यावर नेऊन टाकायचा, आणि वर कपाळावर हात मारून "च्यायला, चुकलंच!" म्हणायचा. हा अभिनय इतका वाईट होता की मला लाज वाटायची. मीही डोळेझाक करत होते, हे काही नाकारत नाही. रोज आम्ही हरायचो, रोज नवरा पिसायचा आणि सगळं कसं छान चाललं आहे असं आम्ही समजत होतो.

गुरुवारी मी हे सगळं डोक्यात घेऊनच कामावर गेले. मानपाड्याच्या पलीकडे कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्रयोगशाळेत आहे. प्लांटमधून रंगाचा नमुना येतो, तो आम्ही तपासायचा आणि पास की फेल ते सांगायचं. प्लांटवाले एकच मंत्र म्हणत आत येतात. त्या दिवशीही पहिलाच नमुना घेऊन आलेला माणूस, नखांपासून कोपरापर्यंत जांभळा झालेला, बाटली ठेवायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, शेड जराशी हलकी वाटेल, पण सोडून द्या ना."

मी सोडून देत नाही, अशी माझी ख्याती आहे. मी तपासला आणि फेल केला. तो बाटली उचलून गेला आणि दुपारी तोच रंग नीट करून घेऊन आला. पास झाल्यावर माझ्यासमोर असा काही छाती काढून उभा राहिला की जणू मुलगा बोर्डात आला आहे.

संध्याकाळी फुटबॉल होता. ॲन्युअल डेच्या निमित्ताने आमच्याकडे खात्याखात्यांचे सामने असतात, ठाकुर्लीला टर्फ भाड्याने घेऊन. या वर्षी एचआरला समानतेचा झटका आला आणि नियम निघाला, की प्रत्येक टीममध्ये मैदानावर एक लेडीज असलीच पाहिजे. प्रयोगशाळेत आम्ही बायका दोनच. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. त्यामुळे माझी निवड एकमताने झाली.

मला फुटबॉल अगदीच कळत नाही असं नाही. नवरा आणि मुलगी सोफ्यावर बसून परदेशातल्या रेफ्रींना मराठीतून शिव्या घालत असतात, ते मी भाजी चिरता चिरता वर्षानुवर्षं ऐकलं आहे. मुलीचे बूट तिने सकाळी स्वतःहून काढून दिले. "आई, प्लीज व्हिडिओ काढायला सांग कोणाला तरी," म्हणाली. प्रोत्साहनाचा सूर तो नव्हता.

आमचा कॅप्टन म्हणजे आमच्याच प्रयोगशाळेतला तरुण केमिस्ट, इथल्याच जुन्या गावातला. एरवी माझ्यासमोर मान वर करत नाही, पण टर्फवर त्याचा राजा झाला होता. त्याने सगळ्यांना जागा वाटून दिल्या आणि शेवटी माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, "मॅडम, तुमी निस्त्या त्या कोपऱ्यान उभ्या रवा. पलायचं नाय."

"आणि बॉल आला तर?"

"नाय येनार," त्याने धीर दिला.

समोर होती मेंटेनन्सची टीम. त्यांच्यात बाई नसल्याने त्यांनी अकाउंट्समधून एक उसनी आणली होती, साधारण माझ्याच वयाची. तिलाही तसाच एक कोपरा मिळाला होता. सामना सुरू झाला. पुरुष एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओरडत धावत होते आणि आम्ही दोघी हळूहळू सरकत मधे एकमेकींजवळ येऊन उभ्या राहिलो. "मी तुम्हाला मार्क करते आहे असं दाखवू," ती म्हणाली. मार्क करता करता तिने मला डब्यातली शेवग्याची भाजी कशी केली ते सांगितलं. तिची फोडणी व्हायच्या आत, कुणाच्या तरी पायाला लागून, बॉल माझ्या पुढ्यात येऊन थांबला.

आणि सगळे थांबले. खरंच सांगते, पुतळ्यासारखे. मेंटेनन्सचा एक फिटर आहे, दारातून आत येताना तिरका व्हावा लागणारा, तोही दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. कुणीतरी ओरडलं, "खेळू द्या, मॅडमना खेळू द्या!" टाळ्या सुरू झाल्या. मी बॉल ढकलत निघाले. वाटेत कुणी आलं नाही. नवी नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडायला निघावी तशी सगळ्यांनी मला वाट करून दिली. गोलपाशी त्यांच्या गोलकीने माझ्याकडे बघितलं, बॉलकडे बघितलं, आणि बॉल उजवीकडून येत असताना मोठ्या प्रयत्नाने डावीकडे पडला.

गोल झाला. दोन्ही टीम्सनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टन म्हणाला, "एक नंबर, मॅडम!"

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. हा गोल नव्हता, हळदीकुंकवाचं वाण होतं! या बाजूने घ्या, त्या बाजूने घ्या, आणि नमस्कार करून निघा. लहानपणी आम्ही चाळीच्या अंगणात लपाछपी खेळायचो, तेव्हा कुणाचं तरी शेंबडं धाकटं भावंड मधे यायचं. त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य आणायचं नाही. पकडलं तरी आउट नाही, सापडलं तरी नाही. त्याचं नाव कच्चा लिंबू. सगळ्यांच्या मधे नाचत असतं बिचारं आणि खेळात मात्र नसतंच. सत्तेचाळिसाव्या वर्षी, अंगात कंपनीचा टी-शर्ट घालून, मी कच्चा लिंबू झाले होते.

आणि टाळ्या चालू असतानाच मला बाबा दिसले. बुधवारी रात्री जिंकल्यावर नवऱ्याने "वा बाबा, काय खेळलात!" म्हणून टाळी दिली, तेव्हा त्यांनी तीही निमूटपणे घेतली होती. मग पत्ते डबीत भरले होते. हा माणूस दमलेला नव्हता.

हाफटाइमला मी फिटरला गाठलं. "मधे का नाही आलास रे?"

"मॅडम, तुम्हाला लागलं असतं."

"लागू दे की."

"मग एचआरवाले माझी वाट लावतील ना!"

तो खरं बोलत होता. मग अकाउंट्सवाली म्हणाली, "मी अडवू का? मला काही कोणी बोलणार नाही." आणि ही बाई, जी शेवग्याच्या शेंगांचे तुकडे किती लांब करावेत यावर इतकी हळुवार बोलत होती, ती दुसऱ्या डावात माझ्यावर अशी काही धावून आली की बॉल एकीकडे, मी दुसरीकडे, आणि माझ्या नडगीवर तिच्या बुटाचा ठसा. गुडघा टर्फवर चांगला सोलला. कॅप्टन पांढराफटक पडून धावत आला. मी खाली पडल्या पडल्या हसत होते. उठून मी तिच्या मागे धावले, बॉल काढून घेतला, पुन्हा गमावला. आम्ही दोघी अशा काही भांडलो की शेवटी पुरुष मंडळी कडेला उभी राहून बघत होती. सामना आम्ही हरलो. माझा बॉल हुकला म्हणूनच हरलो, आणि कॅप्टनने तोंडावर सांगितलं, "मॅडम, तो पास सोडाया नको होता तुमी." मला एवढं बरं वाटलं की मी त्याला उसाचा रस पाजला.

घरी आले तेव्हा कुकर चढला होता. नवऱ्याने बाबांचं म्हणणं शब्दशः पाळून मुलीबरोबर पाच-तीन-दोनची तयारी केली होती आणि तिसऱ्या भिडूची, म्हणजे माझी, वाट बघत होता. बाबा खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून. मी लंगडत आत आले तशी मुलगी ओरडली, "आई, तू पडलीस? व्हिडिओ आहे का?"

मी हळद लावत बसले आणि सगळी हकिगत सांगितली, जरा मोठ्यानेच, खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशी. गोलकी कसा भलतीकडे पडला ते करूनही दाखवलं. मुलगी हसून लोळली. खिडकीकडून एक "हं" आला. मग न वळताच बाबांनी विचारलं, "आणि तू काय केलंस?"

"करते काय! कच्चा लिंबू केलं हो मला, बाबा. एवढ्या माणसांत."

"राग आला?"

"भयंकर."

 समोरच्या जिन्याकडे बघतच बाबा म्हणाले, "मला दिवाळीपासून येतोय."

नवरा हातातली पानं लावायला लागला. ती अजून वाटलीही नव्हती. मुलीने माझ्याकडे बघितलं. आता रडारड मला अजिबात नको होती, कारण ते म्हणजे पुन्हा वाणच. मी खुर्ची सरकवली आणि म्हटलं, "या, बसा. आज तुम्हाला हरवते."

"बघू," बाबा म्हणाले. उठायला त्यांना वेळ लागला. कुणी हात दिला नाही.

डाव सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं, की मला एकटीला तिघांविरुद्ध खेळायचं आहे. माझा भिडू, म्हणजे माझा नवरा, सवयीने शत्रूलाच सामील होता. पहिल्याच मेंढीला त्याने बाबांच्या राजापुढे शरणागती पत्करली आणि कपाळाकडे हात नेला. मी टेबलाखालून लाथ घातली. दुखऱ्या पायानेच घातली, आणि ओरडले मीच. "काय झालं?" बाबांनी विचारलं. "याला ॲसिडिटी झालीय," मी म्हटलं.

त्यानंतर तो सरळ खेळला. बाबाही खेळले. किती दिवसांनी खेळले! पानं डाव्या हातात पंख्यासारखी नीट राहीनात, म्हणून त्यांनी ती टेबलाच्या कडेला टेकवून धरली होती. पण कुठलं पान गेलं, कुठलं कुणाकडे आहे, हे सगळं त्यांना पाठ होतं. एकदा त्यांनी किलवरची राणी अशी खाली टाकली की आमचा ठरलेला हात त्यांच्याकडे गेला. "बोंबला!" म्हणाले, आणि मुलीला टाळी दिली. दोन मेंढ्या आमच्याकडे आल्या, एक त्यांच्याकडे गेली. राहिली बदामाची.

बाबांनी बदामाचा एक्का टाकला. नवऱ्याने पंजा टाकला. मुलीने विश्वासाने आपल्या आजोबांच्या एक्क्यावर मेंढी ठेवली. माझ्याकडे बदाम नव्हतं. इस्पिकची दुर्री होती, आणि इस्पिक हुकूम होतं. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या वडिलांच्या उशाखालून काही काढून नेते आहे.

मी दुर्री टाकली.

"कापलंस?" बाबा म्हणाले.

"कापलं."

"माझा एक्का?"

"तुमचा एक्का. मेंढीसकट."

त्यांनी त्या दुर्रीकडे डोळे बारीक करून बघितलं. मग नातीकडे वळून कडाडले, "अगं, तुझी आई मघाशी बदामावर अडखळली तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं? मेंढी टाकायची घाई काय होती?" मुलगी म्हणाली, "आजोबा, एक्का होता यार!" "यार-बिर नंतर. आधी बघून खेळायला शीक." दिवाळीनंतर या घरात कुणाला इतकं ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तीही त्यापुढे ऐकू आली नाही.

उरलेली पानं आमचीच होती. डाव संपला. टेबलावर पत्त्यांचा ढीग पडला.

"मी पिसते ना," मुलगी म्हणाली.

"हरलो मी," बाबा म्हणाले.

त्यांनी ढीग पुढे ओढला. डाव्या हाताखाली निम्मी पानं धरायला गेले, ती निसटली. काही टेबलावरून खाली गेली. नवरा अर्धवट उठला. मी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. बाबा स्वतः वाकले, खुर्चीचा हात धरून, आणि एकेक पान उचललं. वेळ लागला. मग त्यांनी सगळी पानं टेबलावर पालथी पसरली आणि उजव्या तळहाताने गोल गोल फिरवली, परातीत पीठ कालवतात तशी. पूर्वीचं ते पिसणं नव्हतं, पण पानं पिसली गेली. मग ती गोळा करून, ठोकून, ते एका हाताने वाटायला लागले. अंगठ्याने एक पान सरकवायचं, थांबायचं, पुढचं सरकवायचं. डबल गेलेलं पान दोनदा परत घेतलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या आतून सारखं वाटत होतं की पुरे करावं, घ्यावेत पत्ते हातातून. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

वाटून झालं. मी पानं उचलली, लावली, मोजली. मला एक जास्त होतं. नवऱ्याकडे एक कमी. त्याच्याही ते लक्षात आलं होतं, आणि त्याने टेबलाखालून हात पुढे केला होता, दे गुपचूप, अशा अर्थाने.

मी माझी पानं टेबलावर पालथी ठेवली.

"बाबा, वाटताना चुकलंय. परत वाटा."

 क्षणभर मला वाटलं आता उठतील आणि खिडकीशी जातील, आणि मग मी त्यांना काय सांगू.

"आणा इकडे," बाबा म्हणाले, आणि खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढून घेतली.